ईस्टरनंतरचा आठवडा

डब्लिनच्या मराठी मंडळींशी नव्याने ओळख झाली की एक ठरलेला संवाद होतो. "ख्रिश्चन? म्हणजे गोव्याच्या का?" नाही हो, वसईची. "पण मराठी किती छान बोलता!" यावर काय म्हणायचं ते मला दहा वर्षांत सुचलेलं नाही. घरी मराठी, शाळा मराठी, चर्चमधली मिस्सा मराठी, भांडणंही मराठीच. मी ज्या हॉस्पिटलच्या आवारात काम करते तिथे अंदाज वेगळा असतो. भारतीय आणि ख्रिस्ती म्हणजे केरळची, हे तिथे धरूनच चालतात, कारण आमच्याकडच्या कितीतरी नर्सेस मल्याळी आहेत. लिफ्टमध्ये कुणी तरी प्रेमाने मल्याळममध्ये विचारपूस करतं आणि मी हसून मान हलवते.

हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मी नेमकी कुठली हा प्रश्न पडायला नको. तुमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी ईस्टर म्हणजे जोडून आलेली सुट्टी. गॉलवेला जाऊन यायचं, नाहीतर गॅरेज आवरायचं. त्यात गैर काहीच नाही. आमच्या घरातही निम्मा ईस्टर तसाच असतो, कारण नवरा सांगलीचा, हिंदू, आणि देवळात जाण्याच्या बाबतीत माझ्या ओळखीतला सर्वांत आळशी माणूस. यंदा पाडवा ३० मार्चला आला, ऐन उपासकाळात. त्याने श्रीखंड केलं आणि मुद्दाम माझ्यासमोर वाटी ठेवली. दिवस रविवारचा होता, आणि रविवार उपासात धरत नाहीत. तेव्हा धर्मशास्त्राचा आधार घेऊन मी दोन वाट्या खाल्ल्या.

वसईत लहानपणी पवित्र सप्ताहात गावाचा आवाजच बदलायचा. झावळ्यांच्या रविवारपर्यंत सगळं नेहमीसारखं. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर घंटा मुक्या व्हायच्या आणि त्यांच्या जागी लाकडी फळ्यांची खटखट यायची. शुक्रवारी आजी कुणाला खिळा ठोकू द्यायची नाही. हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नसावं, पण तिचा नियम होता. आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. तिला प्रार्थना पाठ होत्या, अर्थ एकाही शब्दाचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, वेदीवरून मराठी ऐकू यायला लागलं. तेव्हाचं ती सांगायची, की पहिले काही महिने तिला लाजल्यासारखं व्हायचं, देवाशी घरातल्या भाषेत कसं बोलायचं म्हणून. मी त्या लाजेच्या पलीकडे जन्मले. इथे इंग्रजी मिस्सामध्ये सगळे एका सुरात प्रार्थना म्हणतात, मी मनात मराठीत म्हणते आणि दर वेळी शेवटच्या दोन ओळी मागे राहते. आमेन मात्र सगळ्यांबरोबर गाठते.

आयर्लंडमध्ये गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नसते, हे नव्याने आलेल्यांना खरं वाटत नाही. सुट्टी असते ती ईस्टरच्या सोमवारी. सुट्टी नसली तरी १९२७च्या कायद्याने त्या शुक्रवारी पब बंद असत. हा नियम २०१८मध्ये उठला, आणि तब्बल ९० वर्षांनी त्या दिवशी पहिला कायदेशीर पेला भरला गेला. इथल्या २०२२च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं आणि १४ टक्क्यांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. पण ते ६९ टक्के रविवारी चर्चमध्ये दिसतात असं समजू नका. आमच्याकडे पुढच्या बाकांवर पांढरे केस आणि मागच्या बाकांवर आम्ही परदेशातून आलेली कुटुंबं, अशी साधारण बसण्याची व्यवस्था आहे.

यंदा पवित्र शनिवारी मी प्रयोगशाळेत होते. पेशींना ईस्टर कळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं, नाहीतर मंगळवारी येऊन पाहावं तर सगळा फ्लास्क पिवळा पडलेला. आमचं काम ग्लायोब्लास्टोमावर, म्हणजे मेंदूतल्या सर्वांत वाईट गाठींपैकी एकीवर. ब्युमॉन्ट हे देशातलं मेंदूच्या शस्त्रक्रियांचं मुख्य केंद्र, त्यामुळे हे रुग्ण शेवटी इथे येतातच. शस्त्रक्रिया, रेडिएशन, टेमोझोलोमाइड असं सगळं करून निम्मे रुग्ण साधारण पंधरा महिन्यांत जातात. गेली वीस वर्षं हा आकडा फारसा हललेला नाही. तो हलावा म्हणून जगभरात जी हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी फ्लास्क उघडतात त्यांतली मी एक.

शनिवार मला त्या तीन दिवसांतला सर्वांत खरा वाटतो. शुक्रवारी दुःख आहे, रविवारी आनंद, दोन्हींचे विधी आहेत. शनिवारी दिवसभर मिस्सा नाही, वेदी उघडी, काही घडतच नाही. शिष्य कुठे तरी दार लावून बसलेले. ज्याच्यासाठी घरदार सोडलं तो मेला, आणि पुढचं त्यांना ठाऊक नाही. आपल्याला रविवार माहीत असतो म्हणून आपण शनिवार पटकन ओलांडून जातो. हॉस्पिटलच्या आवारात काम करणाऱ्याला तसं जमत नाही. चौथ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरची मंडळी कागदी कपातला गार चहा धरून खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांचा तो शनिवारच असतो, आणि आपला रविवार येणार की नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

रात्रीच्या जागरविधीला लेकीला घेऊन गेले. आठ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिचा प्रथम ख्रिस्तप्रसाद. अंधाऱ्या चर्चमध्ये एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी पेटत जाते ते तिला आवडतं. पुढच्या बाईंच्या केसांची तिला काळजी वाटत होती. रविवारी अंडी, चॉकलेट, आईबाबांना व्हिडिओ कॉल. वसईत आईने पाठवण्यासाठी सुकेळी बांधून ठेवली होती, ती आता कुणाबरोबर येतील देव जाणे.

आणि सोमवारी सकाळी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. आदल्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून आशीर्वाद दिला होता, गाडीतून चौकात फेरी मारली होती. बातमी जगाला सांगितली ती कार्डिनल केव्हिन फॅरेल यांनी. ते मूळचे डब्लिनचेच, त्यामुळे रेडिओवर दुःख आणि थोडा गाववाल्याचा अभिमान असं दोन्ही एकदम चालू होतं. १९८०मध्ये फ्रान्सिस स्वतः इथे मिलटाऊन पार्कला जेझुइटांच्या घरी काही महिने इंग्रजी शिकायला राहिले होते, तेही दिवसभर सांगून झालं. इंग्रजी त्यांना अखेरपर्यंत अवघडच गेलं. त्यामुळे परदेशी उच्चारांवरून बोलणी खाल्लेल्या आम्हा सर्वांना ते जरा जास्तच जवळचे होते.

लेक टोस्ट खात होती. ती म्हणाली, "पण कालच तर येशू उठला. मग आज पोप कसे मेले?"

मी म्हटलं, ते ८८ वर्षांचे होते, फेब्रुवारीपासून आजारी होते. तिला ते माहीत होतं. तिचा प्रश्न तो नव्हता. तिचा प्रश्न असा होता की काल आपण मेणबत्त्या घेऊन जे गायलो त्याचा आज सकाळी उपयोग काय. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे: हा तुझा विभाग, तूच बघ.

तुम्हाला वाटेल, लहान मूल आहे, काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पण आमच्या घरात हा प्रश्न आधीपासूनच टेबलावर होता. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत आणि दुसऱ्या इयत्तेत अख्खा वर्ग प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करतो. पांढरे झगे, बाउन्सी कॅसल, नातेवाइकांनी पाकिटात घातलेले युरो. निम्म्या आईबापांचा देवावर विश्वास नसतो, ते मोकळेपणाने तसं सांगतात आणि तरीही झग्याचं माप द्यायला जातात. प्रयोगशाळेतल्या एका मित्राने मला सरळ विचारलं होतं, "आम्ही यातून बाहेर पडायला तीन पिढ्या घालवल्या. तू पोरीला आत का नेतेस?" तो चेष्टा करत नव्हता.

तो आत म्हणतो ते काय, हे समजायला फार लांब जावं लागत नाही. ब्युमॉन्टहून चालत आर्टेन गाठता येतं. तिथे १८७० ते १९६९ ख्रिश्चन ब्रदर्सची औद्योगिक शाळा होती. नाव शाळा, पण पोरं यायची ती न्यायालयाच्या हुकमाने, आणि बहुतेकांचा गुन्हा म्हणजे गरिबी. २००९मध्ये रायन आयोगाचा अहवाल आला. तिथल्या मारहाणीबद्दल आणि लैंगिक अत्याचारांबद्दल त्यात जे आहे ते मी एकदा वाचलं, पुन्हा वाचणार नाही. आमच्या रस्त्यावर एक सत्तरीच्या आजी राहतात, रोज मिस्साला जाणाऱ्या. त्यांच्या भावाने गेल्या चाळीस वर्षांत एकाही चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही, बहिणीच्या लग्नातसुद्धा तो फाटकाशी उभा होता. कारण त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही. दोघं रविवारी दुपारी एकत्र जेवतात.

वसईतून आलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. आमच्याकडे चर्च म्हणजे सत्ता नव्हे. पोर्तुगीजांच्या काळी होती. १५३४मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ती सत्ता संपली. राहिले ते गावातले शेतकरी, मासेमारी करणारे आणि त्यांचे धर्मगुरू. माझ्या लहानपणी फादर म्हणजे पाण्यासाठी मोर्चा काढणारा माणूस. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं आमच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध उभी राहिली होती. बावखलं बुजवून इमारती आणि विहिरीत खारं पाणी, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर 'लाउदातो सी' हे पत्र काढलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "बरं झालं, पोपनाही पटलं. आमच्या फादरांनी कधीच सांगितलं होतं."

दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला, तुम्हाला आठवत असेल. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून. ज्या माणसाने अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं त्याला हा प्रश्न. संमेलनाला ते आजारी अवस्थेत गेले, बोलले. गेल्या जुलैमध्ये ते वारले. म्हणजे माझ्यापुरते दोन फ्रान्सिस एका वर्षात गेले.

सांगायचा मुद्दा, माझ्या वाट्याला आलेलं चर्च आणि त्या आजींच्या भावाच्या वाट्याला आलेलं चर्च, ही दोन वेगळी चर्चं नाहीत. तेच विधी, तीच पुस्तकं, तोच रोमचा बिशप. मला चांगली माणसं भेटली हा माझ्या विश्वासाचा पुरावा नाही, तसा त्याला भेटलेल्या माणसांनी तो खोटाही ठरत नाही. पण मित्राला हे असं उत्तर देऊन भागत नाही. ते वकिली उत्तर झालं.

ऑगस्ट २०१८मध्ये फ्रान्सिस डब्लिनला आले तेव्हा मी फिनिक्स पार्कला गेले होते, लेक बाबागाडीत. पाऊस, वारा, चिखल. १९७९मध्ये दुसरे जॉन पॉल आले तेव्हा त्याच पार्कात दहा लाखांहून अधिक लोक जमले होते. आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो, मोकळी मैदानंच जास्त दिसत होती. मिस्साच्या सुरुवातीला त्यांनी खिशातून कागद काढला आणि एकेक गुन्ह्याचं नाव घेत क्षमा मागितली: संस्थांमधल्या अत्याचारांची, ते झाकणाऱ्या बिशपांची, आईपासून तोडलेल्या मुलांची. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या बाजूचे एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे होते. "उशीर झाला," एवढंच म्हणाले. मग माझ्या बाबागाडीवरचं प्लास्टिक वाऱ्याने उडत होतं ते धरून ठेवलं. मला दोन्ही पटलं, टाळ्याही आणि घडीही.

आता लेकीच्या प्रश्नाकडे. काल उठला तर आज मेले कसे?

मरण नसणं म्हणजे काय ते मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई १९५१च्या ४ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने वारली. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी घेतल्या होत्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या मरत नाहीत हेच त्यांचं वैशिष्ट्य. कॅन्सर म्हणजे एका अर्थाने मरायला नकार देणारी पेशी. निरोगी शरीरात पेशींनी वेळेवर मरावं लागतं. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो, बोटांच्या मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. तुम्ही हे वाचताना स्क्रीनवर जे बोट फिरवताय ते तसं मोकळं झालेलं आहे. त्यामुळे नुसतं चालूच राहणं, संपायचंच नाही, हे ज्याला कुणी पुनरुत्थान समजत असेल त्याने एक दिवस आमच्याकडे येऊन फ्लास्क पाहावेत.

शुभवर्तमानातल्या त्या गोष्टी म्हणूनच मला खऱ्या वाटतात, की त्या अशा गुळगुळीत नाहीत. मग्दालियाची मरिया त्याला माळी समजते. ज्यांनी तीन वर्षं त्याच्याबरोबर जेवण केलं त्यांना तो ओळखू येत नाही. तो मासा खातो. आणि सर्वांत विचित्र म्हणजे जखमा गेलेल्या नसतात. जो मरणातून उठू शकतो त्याला हातातली भोकं बुजवणं कठीण होतं का? पण ती तशीच आहेत, आणि थोमा तीच पाहायला मागतो. थोमाला आम्ही लहानपणी संशयी म्हणून नावं ठेवायचो. आता मला तो त्या खोलीतला एकमेव संशोधक वाटतो. बाकीच्यांनी सांगितलं म्हणून तो मानत नाही. आणि त्याची परीक्षा कसली, तर चेहरा बरोबर आहे का ही नाही. जखमा त्याच आहेत का, ही. जखमा नसलेला कुणी उठून आला असता तर थोमाने त्याला ओळखलं नसतं, आणि मला वाटतं त्या आजींच्या भावानेही नाही.

हे मी मित्राला कॉफी पिताना सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू पुराव्याशिवाय विश्वास ठेवतेस, फक्त जरा जास्त सुंदर कारणासाठी." असेल. मी त्याला सिद्ध करून दाखवायला बसलेच नव्हते. त्याने विचारलं होतं पोरीला आत का नेतेस, आणि माझं उत्तर एवढंच होतं, की तिला जखमा दाखवूनच नेणार आहे, झग्याचं माप त्यानंतर. आर्टेनचं ती मोठी झाली की सांगेन, तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. मग तिला फाटकाशी उभं राहायचं असेल तर तो तिचा हक्क. रविवारी दुपारी जेवायला मात्र घरी यायचं.

नवरा यावर फार काही बोलला नाही. फक्त विचारलं की त्या दिवशी पुरणपोळी चालेल ना, आईला करून आणायची आहे. त्याची आई सांगलीहून येणार आहे, व्हिसा झालाय. चालेल म्हटलं. चर्चच्या हॉलमध्ये विचारून ठेवलंय, मायक्रोवेव्ह आहे त्यांच्याकडे.

ईस्टरनंतरच्या रविवारी वाचन थोमाचंच असतं. फ्रान्सिस यांना आदल्या दिवशी, शनिवारी, मूठमाती दिली होती. रात्री झोपताना लेकीला मी दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'मधून ती गोष्ट काढून सांगत होते, थोडी वाचून, थोडी माझ्या शब्दांत. देवनागरी ती अडखळत वाचते, पण ऐकायला आवडतं. मी 'व्रण' म्हटलं तर म्हणाली व्रण म्हणजे काय. मी बाही वर करून दंडावरची बीसीजीची खूण दाखवली. तिच्या दंडावर ती नाही, ती इथे जन्मली. तिने बोट फिरवून पाहिलं.

"दुखतं?"

नाही, म्हटलं.

"मग येशूचं?"

मी म्हटलं, थोमाने ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिचं मत पडलं, आणि कूस बदलून ती झोपली.